अठरा नावांचे टॉवेल

सोलापूरच्या स्टँडवर अप्पांनी माझ्या हातात जे गाठोडं दिलं, ते माझ्या किटबॅगेपेक्षा जड होतं. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून सुतळीनं आवळलेलं. मी वैतागलेच. महिला क्रिकेटच्या लिलावात माझं नाव पुकारलं गेल्याला महिनाही झाला नव्हता, पेपरात फोटो आला होता, आणि मी बेंगळुरूच्या बसमध्ये चढणार ती काखोटीला गाठोडं मारून!

"काय आहे यात?"

"टॉवेल हायती. तुझ्या टीममदल्या पोरींस्नी. एकेकीचं नाव घालून इणलंय."

"अप्पा, तिथं हॉटेलात असतात टॉवेल."

"असू दे की. पयल्यांदा जातीयास, रिकाम्या हातानं जाऊ न्हाई."

आमच्याकडे माणसाचा मान टॉवेल-टोपीनं करतात. लग्न असो, निवृत्ती असो, नाहीतर गावात आलेला साहेब. अप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टर्किश टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं माग चालवतात, त्यामुळे मान करायची वेळ आली की त्यांचा हात दुसरीकडे जातच नाही. मालकाची परवानगी काढून, सुट्टीच्या दिवशी नक्षी विणायच्या जेकार्ड मागावर एकेक नाव बसवून त्यांनी अठरा टॉवेल विणले होते. आई बाजूला उभी राहून डोळे पुसत होती. मी मात्र बस सुटेपर्यंत गाठोडं कुठे कोंबायचं याच विचारात होते. हे आज लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

माझ्यासारख्याच बॅग उचलून घराबाहेर पडलेल्या मुलींनो, पहिल्या आठवड्यातले धक्के तुम्हाला सांगायला नकोत. एका माणसाला एक अख्खी खोली. नाश्त्याला तीस पदार्थ, आणि त्यातलं आपण काय खायचं हे सांगायला वेगळी बाई. माझ्या बोलिंगचा व्हिडिओ बघून माझा डावा पाय किती अंश वाकडा पडतो हे सांगणारा माणूस. सोलापुरात मी पार्क मैदानावर पोरांच्यात खेळले, तिथं कोणी माझ्या पायाकडे बघितलं तर मी त्याला बाउन्सर टाकायचे. इथं पायाकडे बघायलाच त्याला पगार होता.

दुसऱ्या दिवशी गाठोडं सोडलं. सुरेख काम होतं. पांढऱ्या टॉवेलवर, काठाच्या वर, निळ्या धाग्यात नावं. मी एकेक वाचत गेले आणि पाचव्या नावावर थबकले. ती तर आमच्या संघात नव्हतीच. आठवीही नव्हती. सगळे उलगडून मोजले तेव्हा अठरांतली सात नावं गेल्या वर्षीच्या संघातली निघाली. त्यांना संघानं लिलावाआधी सोडलं होतं, आणि त्यांच्या जागी आलेल्या आम्हा सात जणींपैकी एकीचाही टॉवेल त्यात नव्हता. माझासुद्धा नव्हता.

मी तडक फोन लावला. "अप्पा, नावं कुठून घेतली?"

"मोबाइलवर टीमचा फोटू हुता की. खाली नावं हुती. तुझा घरी वायला इणलाय, आईनं ठिवलाय."

"तो गेल्या वर्षीचा फोटो! यातल्या सात जणींना काढलंय."

पलीकडे मागांचा खडखडाट चालू होता. अप्पांना ऐकू आलं नसेल असं मला वाटलं, पण आलं होतं.

"काडलं? काय केलं त्येंनी?"

"काही नाही केलं."

"कायबी केलं न्हाय, आन काडलं?" अप्पांचा आवाज इतका उतरलेला मी कधी ऐकला नव्हता. त्यांच्या कारखान्यात एका म्हाताऱ्या कामगाराची बोटं मागात गेली, तर मालकानं त्याला सुताच्या कांड्या भरायला बसवलं, घरी नाही पाठवलं. मालक काही संत नाही, पगार वाढवताना त्याच्या जिवावर येतं. पण कामावर घेतलेलं माणूस यादीतून असंच पुसायचं असतं, हे अप्पांना ठाऊकच नव्हतं. म्हणून तर गेल्या वर्षीचा फोटो बघून त्यांना शंकासुद्धा आली नाही.

आणि मी काय म्हणाले? "अप्पा, हे प्रोफेशनल असतं. तुम्हाला नाही कळायचं."

टॉवेल मी कुणालाच दिले नाहीत. अकरा जणींना द्यायचे आणि सात जणींच्या हातावर काय ठेवायचं? शिवाय परदेशी कॅप्टनला टॉवेल देताना मी कशी दिसेन, हाही प्रश्न होताच. सगळे परत बांधून पलंगाखाली ढकलले. अप्पांना सांगितलं, सगळ्यांना दिले, सगळ्यांना फार आवडले. अप्पा इतके खूश झाले की त्यांनी कारखान्यात पेढे वाटले.

दोन सीझन खेळले. बेंगळुरूत खोली घेतली, गाठोडं तिथल्या पलंगाखाली गेलं, कर्नाटक सीमेजवळच्या मैंदर्गीच्या आजोळची मोडकी कानडी तिथं भाजीवाल्यांशी कामी आली. मग एका दुपारी फोन वाजला. मॅनेजरबाई होत्या, फार गोड बोलणाऱ्या. "वी आर रिलीजिंग यू. ऑल द बेस्ट." कुकर गॅसवर होता. तिसरी शिट्टी व्हायच्या आत माझी टीम संपली होती. मी "थँक यू" म्हणाले. कशाबद्दल, देव जाणे! फोन ठेवला, भात वाढून घेतला, आणि ताटासमोर बसून राहिले. काय केलं मी? मागच्या चार मॅचमध्ये सहा विकेट होत्या. मी काय केलं? आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न मी अप्पांच्या तोंडून ऐकला होता, आणि त्यावर काय उत्तर दिलं होतं.

पुढच्या लिलावात माझं नाव पुकारलं गेलं. कुणीही पाटी उचलली नाही.

घरी फोनवर सांगायचा धीर झाला नाही. सरळ सोलापूर गाठलं आणि स्टँडवरून रिक्षानं एमआयडीसी. सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं, एवढंच डोक्यात होतं. मागांच्या त्या खडखडाटात कुणी कुणाशी बोलत नाही, हातवारे करतात. पण यासाठी मी हातवारे कसे करणार? अप्पांच्या कानाशी ओरडले, "मला काढलं!" त्यांनी मान हलवली, ऐकू येईना. परत ओरडले. मग अप्पांनी एक केलं, जे मी जन्मात पाहिलं नव्हतं. कामाची पाळी चालू असताना त्यांनी आपले दोन्ही माग बंद केले. त्यांचं बघून शेजारच्यानं केले, पलीकडच्यानं केले. आणि मी तिसऱ्यांदा जी किंचाळले ती सगळ्या शेडनं ऐकली.

"मला टीममधून काढलं! आणि तुमचे टॉवेल मी कुणालाच दिले नाहीत!"

मला वाटलं, आता अप्पा खोटं बोलल्याबद्दल बोलतील. शेजारचा माणूस हळूच म्हणाला, "पोरीला काडलं म्हनती की."

"त्येंनी काडलं आसंल," अप्पा म्हणाले. "आमी न्हाय काडलं. कुनालाच न्हाय." मग माझ्याकडे वळले. "टॉवेल हायती न्हवं आजून? मग दिऊन टाक की अव्वा. ज्येचं त्येला."

अव्वा ही त्यांची लाडाची कानडी हाक. ती ऐकली आणि इतक्या दिवसांचं रडू तिथं, सगळ्यांदेखत, बाहेर आलं.

सध्या मी परत बेंगळुरूत आहे. सकाळी मुलींना बोलिंग शिकवते, दुपारी स्वतःची प्रॅक्टिस करते, पुढच्या लिलावाला नाव देणार आहे. तेव्हाच्या संघातल्या अकरा जणींना टॉवेल नेऊन दिले. उरलेल्या सात जणींना शोधायला मात्र दोन महिने लागले. एक शाळेत पीटी शिकवते. एकीनं फोन उचलला नाही, तिच्या भावाच्या पत्त्यावर पाठवला. एकीला मुलगी झाली होती. दोन वर्षं एकाच खेळात, आणि मी त्यांच्यातल्या एकीचीही कधी चौकशी केली नव्हती.

सुजाताताई त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या. विदर्भातल्या. कुरिअर मिळाल्यावर त्यांचा फोन आला. "हा कधीचा?"

"तुम्हाला सोडल्यानंतरचा," मी खरं ते सांगितलं. "माझ्या अप्पांना वाटलं, तुम्ही असालच."



"सोडल्यावर मी घरी गेले ना," त्या म्हणाल्या, "तर घरच्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, आता लग्नाचं बघायचं ना? सामानसुद्धा उतरवलं नव्हतं गं मी." मग नाक ओढून हसल्या. "दिवाळीला सोलापूरला जाशील तेव्हा मला ने तुझ्या घरी. तुझ्या अप्पांना भेटायचंय."

मी आईला कळवलं. आईनं एवढंच विचारलं, सुजाताताई किती दिवस राहणार. मी म्हटलं, ते काही ठरलेलं नाही.