सत्तावीस नंबरच्या दोन मुली

कर्जतला आमची गाडी लागली तेव्हा दुपार झाली होती. घाट चढवायला मागून दोन इंजिनं जोडायची होती. ती येईपर्यंत पुण्याचे उतारू फलाटावर उतरून चहा पीत होते. मी मात्र वळकटी, कापडी पिशवी आणि छत्री घेऊन गाडीचा निरोप घेतला. पिशवीत आश्रमाचं शिक्क्याचं पत्र होतं, दोन वर्षांच्या मुलीला बसेल असा लोकरीचा झगा होता आणि दारूबंदीवरच्या पत्रकांचा एक गठ्ठा होता. गठ्ठा मी माझ्या हौसेनं घेतला होता. वडिलांचा लहानसा छापखाना असल्यानं मी मुळाक्षरं गिरवली तीच सुधारणेच्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. पत्रक हाती नसलं की मला अंगावर दागिना नसल्यासारखं वाटे.

कशासाठी निघाले होते ते आधी सांगते. मुंबईतल्या एका बालकाश्रमात मला नोकरी लागून सात महिने झाले होते. टाकलेली, पोरकी झालेली तान्ही मुलं तिथं येत. ज्या तान्ह्याला वरचं दूध सोसत नसे, त्याला खेड्यातल्या एखाद्या लेकुरवाळीकडे दोन वर्षं अंगावर पाजायला ठेवत. त्या बाईला आम्ही दूधआई म्हणत असू. मुलाच्या गळ्यात नंबर कोरलेला पितळी बिल्ला बांधलेला असे, आणि दोन वर्षं भरली की मूल परत आणायचं, असा नियम होता. सत्तावीस नंबरच्या मुलीची मुदत संपली तेव्हा आश्रमाच्या सभेत कुणीतरी म्हणालं, "राहू द्या की आणखी वर्षभर." मी ताडकन उभी राहिले. म्हणाले, "खेड्यात राहिली तर शाळेचं तोंड पाहायची नाही आणि बाराव्या वर्षी बोहल्यावर चढेल. नियम म्हणजे नियम!" आश्रमाच्या प्रमुख बाईंना आम्ही सगळे काकू म्हणायचो. काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग तूच जा, आणि घेऊन ये."

मूल होतं लोधिवलीला. कर्जत तालुक्याच्या खालापूर पेट्यातलं, चौकजवळचं हे गाव. कर्जत स्टेशनाबाहेर मुंबईला जाणाऱ्या गवताच्या गंजी रचल्या होत्या. साऱ्या आवाराला वाळल्या गवताचा गोडसर वास येत होता. गवत टाकून चौककडे रिकामी परतणारी एक बैलगाडी मिळाली. गाडीवान गोमाजी पन्नाशीचा, काटक आणि भारी चौकस.

"बाय, तुमी मास्तरीण का नर्स?"

"दोन्ही नाही."

"मंग सासरी चालल्या?"

"लग्न नाही झालं माझं."

त्यानं मागं वळून मला नीट पाहिलं. "मंग कंच्या कामाला पाठीवलं तुमाला?"

मी सांगितलं. त्यानं पुढं वळून बैल हाकले. मग मी त्याला दारूबंदीचं एक पत्रक दिलं. त्यानं ते उलटंसुलटं केलं, अंगठ्यानं चाचपलं आणि त्यात तंबाखूची पुडी बांधली. "कागद बरा जाड हाय," म्हणाला. मला राग आला. पण राग धरायला रस्त्यानं सवड दिली नाही. पहिल्याच ओढ्यात चाक असं आपटलं की मी गवताच्या चुऱ्यात आडवी झाले आणि छत्री पाण्यात गेली. गोमाजी गुडघाभर पाण्यात उतरला आणि ती घेऊन आला. "ही लग्नाच्या आहेरातली नाय ना? मंग दुसरी कोन देनार, सांभाळा," एवढंच बोलला.

दोन्ही बाजूंना कापून गेलेल्या भाताचे खुंट होते आणि त्यांच्या मधून वालाचे हिरवे पट्टे. भात निघाल्यावर जमिनीत जी ओल उरते, तिच्यावरच हे पीक येतं. पाणी घालावं लागत नाही. पुढं प्रबळचा लांबट डोंगर होता आणि त्याच्या शेजारी इर्शाळचा सुळका. सुळक्याला वर एक नेढं (आरपार भोक) आहे. ऊन कलल्यावर त्यातून आभाळाचा ठिपका दिसला. एवढ्या दगडाला कुणी सुईसारखं भोक पाडलं असेल, असं मनात येऊन मी मान वाकडी करकरून पाहत राहिले.

ती रात्र चौकच्या शाळामास्तरांकडे काढली. मास्तरीणबाईंनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. वाल सोलून सोलून त्यांची बोटं हिरवी झाली होती. आजवर मी भाषणांतून खेड्याला पुष्कळ दिलं होतं. खेड्यानं मला वाढलं ते पहिल्यांदा.

सकाळी गोमाजीनंच लोधिवलीला नेलं. दूधआईचं नाव भीमी. नवरा कर्जतला गवताच्या कामावर, घरात ती आणि मुली. अंगण सारवलेलं होतं. ओसरीवर दोन मुली एकाच थाळीतून पेज पीत होत्या. दोघी एका वयाच्या, दोघींचे केस तेल लावून चोपलेले. आणि दोघींच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एकेक पितळी बिल्ला. मी वाकून वाचलं. एकीचा २७. दुसरीचाही २७.

माझं डोकं फिरलं. "हे काय आहे?" मी मोठ्यानं विचारलं. "खोटा बिल्ला? तुम्हाला काय वाटलं, आम्हाला आमची मुलगी ओळखू येणार नाही? ही फसवणूक आहे, बाई. याला शिक्षा आहे."

भीमी चुलीजवळून उठून आली. तिला माझं बोलणं खरोखरच कळेना. "फसवनूक कशाची?" ती म्हणाली. "ती हाय ती तुमची गंगी. नि ही माजी जमनी. इचारायचं की! मी काय नाय म्हनते?"

"मग दुसरा बिल्ला कुठून आला?"

"चौकच्या कासाराकडून करून घेतला. शेरातल्या मोठ्या बाईनी पोरीला ताईत दिला, आकडा मंतरून. गंगीला आला. मंग जमनीनं काय पाप केलं? एकीच्या गळ्यात राखन नि दुसरीला नाय, आसं कसं व्हईल? दोघी एकाच अंगावरच्या. कासाराला म्हनलं, बघून बघून तसंच काढ, कमीजास्त नको."

कासाराला आकडे येत नव्हते. चित्र काढावं तसं त्यानं ते काढलं होतं, आणि आमच्या कारागिरापेक्षा सुबक काढलं होतं. बिल्ला कुठल्या पितळेचा, ते कुंपणापलीकडच्या म्हातारीनं सांगितलं. "तिच्या म्हायेरचा गडू गेला त्यात," ती म्हणाली. मग माझ्याकडे बोट करून, "कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवता, नि पिल्लं झाली का टोपली घेऊन येता व्हय गं?"

"म्हातारे, गप ऱ्हा," भीमी म्हणाली. "सबुद दिला व्हता."

आणि तिनं दिलेला शब्द पाळला. रडणं नाही, विनवणी नाही. गंगीला न्हाऊ घातलं. मी आणलेला झगा घालून पाहिला आणि "खांद्यात आखूड हाय" म्हणून लगेच उसवून बसता केला. फडक्यात भाकरी बांधली. गाडीशी आल्यावर मात्र एकदा म्हणाली, "बाय, नेयाची तर दोघींना न्या. तितं साळा हाय ना? एकीला साळा नि एकीला धुनं-भांडी, हे मला बघवायचं नाय."

"आश्रमात फक्त पोरकी मुलं घेतात," मी म्हणाले. हे वाक्य मी नियमांच्या पुस्तकात अनेकदा वाचलं होतं. बोलल्यावर ते इतकं वाईट ऐकू येईल असं वाटलं नव्हतं.

गाडी निघाली. गंगी रडली नाही. माझ्या शेजारी गवतावर बसून मागं जाणाऱ्या रस्त्याकडे पाहत राहिली. चौक ओलांडून कोसभर गेल्यावर गोमाजीनं ओढ्याकाठी बैल सोडले. मी भाकरी काढून गंगीला एक तुकडा दिला. तिनं तो मधोमध मोडला. अर्धा तोंडाशी नेला आणि अर्धा डावीकडे पुढं केला. डावीकडे कुणी नव्हतं. हात तसाच राहिला. मी म्हटलं, "खा गं तू." तिनं ऐकलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं तो अर्धा तुकडा गवतावर जपून ठेवला आणि हातातलाही खाईना. दुसरीनं सुरू केल्याशिवाय तिला खाता येत नव्हतं.

गोमाजी बैलांजवळून पाहत होता. "वाटा ठेवला बहिनीचा," म्हणाला.

माझ्या मनात पत्रकांतले सगळे मुद्दे रांगेत उभे राहिले: शिक्षण, बालविवाह, रूढी. एकही खोटा नव्हता. आजही मी ते सगळे मानते. पण समता समता म्हणून मी जी गोष्ट सभांतून ओरडत होते, ती या मुलीला भाकरी मोडण्याइतकी सवयीची होती. तिला ती सवय शिकवणाऱ्या घरातून काढून मी तिला समता शिकवायला नेत होते.

"गोमाजी, गाडी फिरवा."

"बैलांनी पानी नाय पिलं आजून."

"पिऊ द्या. मग फिरवा."

त्यानं मान हलवली. "काल वाटलं व्हतं बाय नुसती कागदाची हाय," तो बैलांना सांगत असल्यासारखा म्हणाला.

भीमी अंगणातच होती. "काय इसरलात?" तिनं विचारलं. गंगी तोवर उतरून ओसरीवर गेली होती. मी एवढंच म्हणाले, "आत्ता ठेवून जाते. पण माझ्या हातात काही नाही. सभेनं नाही म्हटलं तर दुसरं कुणी न्यायला येईल." भीमीनं मान डोलावली. खोटा धीर मी दिला नाही आणि तिनं मागितलाही नाही.

दिवस मावळायला शेजाऱ्यांनी शेतात पोपटी लावली (मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून, मडकं पालथं करून त्याभोवती जाळ करून भाजलेल्या वालाच्या शेंगा). सकाळची म्हातारी माझ्या शेजारी बसली आणि शेंगा सोलून माझ्या ओंजळीत टाकत राहिली. "खा गं, टोपलीवाले," म्हणाली. मी खाल्ल्या. भांबुर्ड्याचा तो रानवट, ओव्यासारखा वास दुसऱ्या दिवशी गाडीत बसले तरी हाताला होता.

मुंबईला रिकाम्या हातांनी परतले. काकूंनी काही विचारलं नाही. "गुरुवारी सभा आहे. तूच सांग," म्हणाल्या. सभेत एक सभासद म्हणाले, "भावनेवर संस्था चालत नाहीत." दुसरे म्हणाले, "उद्या ती मुलगी अडाणी कुणबीण झाली तर जबाबदार कोण?" मी म्हणाले, "मी. दर तिमाहीला मी जाईन. माझी नोकरी त्या जबाबदारीवर ठेवा." बिल्ल्याची हकिगत सांगितली तेव्हा कुणी हसलं नाही. काकू सगळ्यांत शेवटी बोलल्या: "दूधआईकडे ठेवायचा नियम मीच लिहिला होता. मुलं मरू नयेत म्हणून लिहिला होता. ही तर जगली आहे." एका मताच्या फरकानं ठराव झाला. गंगीनं सहा वर्षांची होईपर्यंत लोधिवलीला राहायचं. नंतर तिला आणि जमनीला, दोघींना, चौकच्या शाळेत घालायचं. पुढंही बारा वर्षांची होऊन ती आपल्या तोंडानं सांगेपर्यंत तिला कुठंही हलवायचं नाही.

ठराव टपालानं पाठवण्यात अर्थ नव्हता. भीमीला वाचता येत नव्हतं. साक्षरतेवर इतकी भाषणं केलेल्या मला या गोष्टीचा त्या दिवशी मनापासून आनंद झाला. मला स्वतः जाता येणार होतं.

ती खळ्यावर वाल झोडपत होती. मी बांधावरूनच ओरडून सांगितलं. तिनं काठी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "दोघींना साळा? लिवून दिलंय?"

"शिक्क्यासकट."

"मंग वाच. बसून वाच."

खळ्यावरच्या बायका जमल्या. वालाच्या भुशावर बसून मी ठराव वाचला, सभासदांच्या सह्यांसकट. ती लक्ष देऊन ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "आता परत पयल्यापासनं."

या नोकरीनं मला पुढं काय काय दिलं ते मोजणार नाही. पण ती टिकली ती काकूंच्या शब्दामुळं, आणि मला हे काम करायला लावलं तेही त्यांनीच, हे मी विसरलेले नाही. मी ठराव पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. तेवढ्यात एक मुलगी येऊन माझ्या मांडीवर बसली आणि शिक्क्यावर बोट फिरवत राहिली. ती गंगी होती की जमनी, ते मी पाहिलं नाही.