बायकोचा रंग आणि पडवीतला प्रिंटर

माझी बायको सावळी. म्हणजे ‘गहूवर्णी’ म्हणून वेळ मारून नेता येणार नाही, इतपत चांगली सावळी. लहानपणापासून जो जो फोटोग्राफर तिच्या वाट्याला आला, त्याने उपकार केल्यासारखं तिला गोरी करून ठेवली. लग्नासाठी दाखवायला आलेल्या फोटोत तर ती अशी पांढरीफटक होती की, बघायला गेलो तेव्हा ‘मुलगी’ आतून कधी येते याची वाट बघत मी दोन बशा पोहे संपवले. समोर बसलीय तीच ती, हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. समोरची बरीच छान होती.

दोन हजार चारच्या सुमाराला मी डिजिटल कॅमेरा घेतला आणि त्याच्या मागोमाग रंगीत प्रिंटर. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाला या दोन्हींची काय गरज होती, ते मला अजून सांगता आलेलं नाही. मे महिन्यात आम्ही आरे-वारेला गेलो. तिथे एका लाटेने माझी चप्पल पळवली, आणि मी उरलेली एक हातात धरून समुद्राशी भांडत असताना ही वाळूत बसून पोट धरून हसत होती. चप्पल गेलीच होती, निदान हे तरी हाती लागावं म्हणून मी बटण दाबलं.

घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर उघडला. ती पदराला हात पुसत आली आणि पडद्यासमोर वाकून बघतच राहिली.

“अहो, ही मी आहे.”

“मग कोण असणार?”

“तसं नव्हे. मला कोणी काही केलेलं नाहीये यात.” मग म्हणाली, “हा छापून द्याल? आईला पाठवीन. तिच्याकडे माझ्यासारखा दिसणारा माझा एकही फोटो नाही.”

“हात्तिच्या! बटण दाबलं की आला.”

असली वाक्यं बोलण्याआधी मला कोणीतरी चिमटा काढायला हवा.

पहिला फोटो आला तो तव्याच्या बुडासारखा. पडद्यावरची बायको उजळलेली आणि कागदावरची दिवे गेल्यावरची. मी छपाईचा उजेड वाढवला. मग ती निळसर वाटायला लागली, तर लाल वाढवला. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर रोज शाळेतून आलो की चहा घेऊन पडवीतल्या कॉम्प्युटरसमोर बसायचं, एक कागद काढायचा, पडद्याशेजारी धरायचा, मान हलवायची. असे किती कागद फुकट गेले ते तिच्यापासून लपवायला रद्दीतही जागा उरली नाही. शेवटी एकदा कागद आणि पडदा अगदी जुळले. मी विजयी वीरासारखा स्वयंपाकघरात गेलो.

नीट दिसावा म्हणून ती फोटो घेऊन मागच्या दारी गेली. मी डोकावलो.

“तुम्हीपण?” ती म्हणाली.

“मीपण काय?”

“गोरी केलीत मला.”

मी बघितलं. उघड्यावर फोटोतली बाई खरंच गोरीगुलाबी दिसत होती. “अगं, मी फक्त उजेड वाढवला!”

“स्टुडिओवाले पण हेच म्हणायचे.”

तिने आत येऊन फोटो पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला आणि भेंडी चिरायला घेतली. भेंडीसारखी मऊ भाजी इतका आवाज करू शकते हे मला ठाऊक नव्हतं.

मी फोटो उचलून पडवीत आणला. सावळी. अंगणात नेला. गोरी. पुन्हा पडवीत. तिसऱ्या फेरीला माझं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं, तर तोही निळा! पावसाची झड आत येऊ नये म्हणून आम्ही पडवीला सगळीकडून निळं प्लास्टिक बांधलं होतं. ते बांधलं होतं मीच. त्या निळ्या अंधारात, पडद्याचा उजेड पुरा चढवून, मी इतके दिवस बायकोचा रंग ठरवत बसलो होतो.

मी सगळं कबूल केलं. ती हसली नाही, पण भेंडी थांबली.

पुढच्या उघडिपीला तिला मागच्या दारी चिऱ्याच्या पायरीवर बसवलं. पडद्याचा उजेड उतरवला, छपाईचा वाढवलेला उजेडही काढून टाकला. एकेक कागद काढायचा, धावत बाहेर यायचं आणि तिच्या गालाशेजारी धरायचा. पडवीतून परसात माझी शटल सर्व्हिस सुरू झाली. गडग्यापलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, “काय रे, बायकोला काय निरखतोयस एवढा?”

“रंग बघतायत, काकू,” हीच म्हणाली. “लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर!”

पुढचा कागद बघून म्हणाली, “इतकी काळी नाही हो मी.”

“त्या दिवशी तर गोरी नको होती ना?”

“मी आहे तेवढीच हवी.”

मी पुन्हा आत गेलो. छपाईचा उजेड अगदी थोडा चढवला, लाल होता तिथे नेला आणि आणखी एक कागद काढला. तो तिने माझ्या हातातून घेतला, स्वतःच्या मनगटाशेजारी धरला आणि वाकून बघत राहिली. तेवढ्यात चार थेंब पडले. घरच्या प्रिंटरची शाई पाण्याला टिकत नाही, म्हणून मी “आत चल” म्हणून ओरडणार, तोवर तिने फोटो पदराखाली घेतलाही होता. स्वतःचं डोकं भिजत होतं त्याची शुद्ध नव्हती. पदर जरासा वर करून ती पुन्हा आत बघत होती.

“अहो,” ती म्हणाली, “आईसाठी आणखी एक काढा. हा मी नाही देणार.”