टिमकीचा मेंबर

नागपूरच्या टिमकीत अमावस्येला माग बंद असायचे. त्या दिवशी कोष्टी मंडळी सकाळीच अंघोळ उरकून ओट्यावर येऊन बसायची, आणि उन्हं कलली की मारुतीच्या पाराकडे निघायची. तिथे शालिकराम मौंदेकर सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला असायचा. सदतीस सालच्या निवडणुकीत तो काँग्रेसकडून प्रांताच्या असेंब्लीत निवडून गेला होता. त्याआधी म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर होता आणि त्याच्याही आधी बापाच्या मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसत होता. त्यामुळे लोक त्याला मेंबरसाहेब वगैरे म्हणत नसत. गुरुजीच म्हणत.

पारावर बसून तो असेंब्लीत काय काय झालं ते सांगायचा. भाषण करायचा नाही. कोण काय बोललं, कोणता कायदा कुठवर आला, आणि आपल्याला त्यातून काय मिळेल, एवढंच घरातल्यासारखं बोलायचा. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना तर मतच नव्हतं. घर नाही, शेत नाही, शिक्षण नाही, मग मत कुठून असणार? तरी ती माणसं सगळ्यांत पुढे बसायची.

त्याच्या शब्दाला वजन आलं ते सखूबाईमुळे. सखूबाई गिरणीत कामाला होती. बाळंतपणाला सुट्टी घेतली म्हणून तिचं नाव कमी करणार होते. शालिकरामने तिला सांगितलं की बाळंतिणीसाठी कायदा आहे, आणि स्वतः तिच्याबरोबर गिरणीच्या फाटकापर्यंत गेला. सखूबाईला पगार मिळाला, कामही राहिलं. मग टिमकीत जो तो म्हणू लागला, "कायदा म्हंजे काही हवेतली गोष्ट नोहे, बाप्पा."

अडतीस साली असेंब्लीत विणकरांचं बिल आलं. सूत सरकारी डेपोतून रास्त भावाने मिळावं, असं त्यात होतं. आणि शालिकरामने खटपट करून एक कलम त्यात घालायला लावलं होतं: ज्या विणकराचे हात किंवा डोळे थकले आणि ज्याला कमावतं कोणी नाही, त्याला सरकारने दरमहा काही तरी द्यावं. ते कलम मांडताना त्याच्या नजरेसमोर एकच माणूस होतं. प्रयागबाई.

प्रयागबाई त्याच्या शेजारची. नवरा मेल्यावर ती स्वतः मागावर बसली होती. बायका सुताच्या कांड्या भरतात, मागावर बसत नाहीत, असं चार लोक बोलले. तिने ऐकून घेतलं आणि लुगडी विणत राहिली. तिच्या काठाला इतवारीतले व्यापारी नावाने मागणी करत. आता तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला होता. तुटलेला धागा तिला दिसत नसे. बोटांनी चाचपून सांधावा लागे.

बिल कसं पुढे जातं ते शालिकरामने तिलाच धरून समजावलं. "हे पाह्य, मावशी. पह्यलं वाचन झालं, म्हंजे मागावर ताना लागला. आता बिल कमिटीत गेलं, म्हंजे विनून राहिले. मंग तिसरं वाचन. ते झालं की कापड मागावरून उतरलं."

"अन् घडी कोन घालते?" तिने विचारलं. लोक हसले.

"गव्हर्नर. त्याची सही झाली का झालं."

मागे बसलेला रुपराव, तोंडाने फटकळ पण हाताने चोख विणकर, म्हणाला, "कापड उतरेपर्यंत मानूस टिकलं पाह्यजे, गुरुजी."

एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात प्रयागबाईचा भाचा दादाजी पारशिवनीहून बैलगाडी घेऊन आला. तिथे त्याची थोडी शेती होती, घरात एक खोली रिकामी होती. मावशीने आता माग मोडावा आणि आपल्याकडे येऊन राहावं, असं तो म्हणाला. मनापासून म्हणाला. प्रयागबाईने रात्रभर विचार केला आणि सकाळी शालिकरामला बोलावलं.

"तू सांग, शालिक. जाऊ का राहू?"

शालिकरामला खरं तर एवढंच म्हणता आलं असतं, की मावशी, तुझं तू ठरव. पण कमिटीचं काम संपत आलं होतं, हिवाळी बैठकीत बिल पास होणार असं मंत्र्यांनी स्वतः त्याला सांगितलं होतं. तो उत्साहात म्हणाला, "कायले दुसऱ्याच्या दारी जातेस वं? दिवाई झाली का कायदा येऊन राहिला. आपल्या घरात, आपल्या हक्कानं खाशील."

हा हक्क शब्द प्रयागबाईला आवडला. तिने भाच्याला जेवू घातलं आणि रिकामी गाडी परत पाठवली.

त्या पावसाळ्यात तिकडे विलायतेत लढाई पेटली. हिंदुस्थानाला न विचारता हिंदुस्थान लढाईत ओढला गेला, म्हणून काँग्रेसच्या मंत्र्यांनी ठिकठिकाणी राजीनामे दिले. नागपुरातही दिवाळीच्या तोंडावर मंत्रिमंडळ गेलं. पक्षाच्या बैठकीत शालिकरामनेही हात वर केला. ते बरोबरच होतं, असं त्याला तेव्हाही वाटलं आणि पुढेही वाटत राहिलं. गव्हर्नरने सगळा कारभार हातात घेतला. असेंब्ली मोडली नाही, पण भरणं बंद झालं. मेंबर मेंबरच राहिले, फक्त बसायला जागा उरली नाही.

त्या अमावस्येला पाराभोवती कधी नव्हे एवढी गर्दी होती. शालिकरामने राजीनाम्याची हकीकत सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंग्रजाला चांगलं तोंडावर सांगितलं, असं बरेच जण म्हणाले. मग रुपरावने विचारलं, "अन् आपलं बिल?"

"बिल थांबलं."

"थांबलं का मेलं?"

"थांबलं," तो म्हणाला.

प्रयागबाई देवळाच्या खांबाला टेकून ऐकत बसली होती.

पुढचे महिने तो सिव्हिल लाइन्समधल्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिला. एका साहेबाने त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि सौम्यपणे समजावलं की असेंब्लीच नाही म्हटल्यावर असेंब्लीपुढचं बिल कुठे असणार? विणकरांना काही द्यायचंच असेल तर गव्हर्नरचे सल्लागार विचार करतील. पण लढाईचे दिवस आहेत. साहेब वाईट नव्हता. फाटकापर्यंत पोचवायलाही आला. शालिकराम टिमकीपर्यंत पायी परतला आणि थेट प्रयागबाईकडे गेला. तिचा माग तेव्हा बंद पडून बरेच दिवस झाले होते. बोटांनाही आता धागा सापडत नव्हता. चार घरच्या बाया पाळीपाळीने तिला भाकर-भाजी देत.

"मावशी, कायदा येत नाई," तो म्हणाला. "येनारच नाई आता."

तिने त्याच्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं. "मंग मले काहून थांबवलं गा?"

तो बसून राहिला. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "जाय, घरी बायको वाट पाहत असन."

दुसऱ्याच आठवड्यात तो पारशिवनीला गेला. दादाजी घरी नव्हता. पाऊस दगा देऊन गेल्यापासून तो मँगनीजच्या खाणीवर कामाला जात होता. त्याची बायको कुसुमावती दारात उभी राहिली. रिकाम्या खोलीत आता तिचा थोरला दीर बायकापोरांसह राहत होता.

"तवा आमी मानानं गाडी घेऊन आल्तो," ती म्हणाली. "तवा तुमी तिले हक्क शिकवला. आता कुठं ठेवू तिले मी? तुमीच सांगा, गुरुजी."

तिने त्याला पाणी दिलं. ते पिऊन तो परतला.

मग त्याने प्रयागबाईला आपल्याच घरी आणायचं ठरवलं. त्याच्या बायकोची, देवकीची, ना नव्हती. तिने चुलीजवळची जागा झाडून, सारवूनही ठेवली. पण म्हातारी कबूल होईना. "चौघीच्या घरचं खातो तं ते शेजारपन हाय. तुह्या घरचं खाईन तं ते भीक होईल," ती म्हणाली. शालिकरामने हात जोडले, तो रागावला, रडलाही. ती उठली नाही.

बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये नागपूर पेटलं. पोलीस चौक्या जळाल्या, गोळीबार झाले, टिमकी-हंसापुरीत कर्फ्यू लागला. शालिकरामला पहिल्याच धरपकडीत तुरुंगात नेलं. देवकीला भेटीची परवानगी मिळाली तेव्हा दसरा उलटून गेला होता. मध्ये जाळी, पलीकडे शिपाई. घरचं, मुलांचं सांगून झाल्यावर ती थांबली.

"प्रयागमावशी गेली."

"कशानं?"

"कर्फ्यू होता. कोनी दाराबाहेर निघत नोहतं. जिची पाळी होती तिले वाटलं, बाजूचीनं देल्लं असन. बाजूचीले वाटलं, हिनं देल्लं." देवकीने पदर तोंडाला लावला. "मलेबी तसंच वाटलं."

शालिकराम जाळीला धरून उभा होता. शिपायाने वेळ संपली म्हणून सांगितलं.

चव्वेचाळीस साली तो सुटला तेव्हा टिमकीत सुताचा दुष्काळ होता. सूत कार्डावर मिळायचं आणि तेही काळ्या बाजारात आधी पोचायचं. मागांची लाकडं लोकांनी चुलीत घातली होती. रुपरावची दोन्ही मुलं गिरणीत गेली होती. अमावस्येला शालिकराम पारावर बसला, पण मोजकेच म्हातारे आले, आणि तेही सुताबद्दल विचारून उठून गेले. पुढच्या वर्षी असेंब्ली रीतसर मोडली. आपण मेंबर राहिलो नाही हे त्याने वर्तमानपत्रात वाचलं आणि पारावर जाऊन सांगितलं.

"मंग आता आमचा मेंबर कोन?" रुपरावने विचारलं.

"कोनी नाई."

"बरं," रुपराव म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

नव्या निवडणुकीत पक्षाने दुसऱ्याला उभं केलं. शालिकरामने उमेदवारी मागितलीच नव्हती. इतवारीत ताराचंद नावाच्या कापडवाल्याच्या मुलांना तो शिकवू लागला. दुकानाच्या मागच्या खोलीत शिकवणी असे. एकदा तो पायरी चढत असताना उमरेडची एक कोष्टीण त्याला विचारत विचारत आली. तिच्या नवऱ्याचं सुताचं कार्ड रद्द झालं होतं, आणि कोणी तरी तिला सांगितलं होतं की टिमकीच्या गुरुजींना सगळे कायदे ठाऊक आहेत.

त्याला ठाऊक होते. कोणत्या कचेरीत जायचं, कोणाला भेटायचं, काय बोलायचं, ते त्याने तिला नीट सांगितलं. मग म्हणाला, "पन बाई, जाऊन काही होईन, असं मी सांगत नाई. तुले आनखी कोनाचा आधार असन तं तो सोडू नको."

बाईला शेवटचं वाक्य फारसं कळलं नसावं. तिने त्याला वाकून नमस्कार केला, लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि हातगाड्यांच्या गर्दीतून कचेरीच्या वाटेला लागली. दुकानातून ताराचंदने हाक मारली, "मास्टरजी, बच्चे बैठे हैं." शालिकराम आत गेला.