पैलवानाच्या वाट्याची प्रदक्षिणा

माझ्या धाकट्या भावाला लग्नानंतर कित्येक वर्षं मूल नव्हतं, आणि त्यावर जेवढे उपाय झाले ते सगळे त्याच्या बायकोवर झाले. उदगीरचं झाडपाल्याचं औषध तिने प्यायलं. बिदरच्या दवाखान्यात पिशवी तिची धुतली. गुरुवारचे उपास तिचेच. गाणगापूरला औदुंबराला ओल्या साडीने प्रदक्षिणा घातल्या तिने, आणि हा समोरच्या दुकानात बदाम घातलेलं दूध पीत बसला. "कुठल्या तालमीचे?" असं कुणी विचारलं की छाती आणखी फुगायची.

छाती होतीच तशी. आधी हा जत्रेत नारळाच्या बक्षिसावरच्या कुस्त्या खेळायचा. मग औरादच्या आठवडी बाजारात बसणारा एक डॉक्टर त्याला ताकदीची सुई टोचू लागला आणि वर्षभरात मान खांद्यांत बुडाली. तिशीत पाठभर मुरुम आले. भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट भिंतीवर जायचं. आई म्हणायची, पैलवानाचं रक्त गरम असतंय.

"तू पण तपासून घे की," मी म्हणाले.

"मी पैलवान हाय, अक्का. माझं कामून तपासायचं?"

मग आईने भालकीकडची एक मुलगी पाहिली. दुसरं लग्न कायद्याने गुन्हा आहे, हे मी शिक्षिका म्हणून सांगितलं. "कायदा बेंगळुरात," आई म्हणाली. "आन् हिला कोण हाकलायलंय? दुसरी आली तर हिला बी कामाला हात मिळंल."

भावजय भाकरी थापत होती. मान वर न करता मला म्हणाली, "अक्का, माझं आता काय तपासायचं राहिलंय?"

मला घोळ चालत नाही. भावाला सांगितलं, रविवारी भालकीचे पाहुणे येणार आहेत, त्याआधी गुलबर्ग्याला तपासणीला चल. नाहीतर पाहुण्यांसमोर सुयांचं मी बोलेन.

तिथल्या डॉक्टरांनी त्याला नुसतं बघितलं आणि विचारलं, "सुई कब से लेरै पैलवान?" वीर्याची तपासणी झाली, आणि त्यात एकही शुक्राणू सापडला नाही. डॉक्टरांनी सरळ सांगितलं: जे पुरुषी हार्मोन शरीर स्वतः बनवतं तेच सुईने बाहेरून भरत राहिलं की शरीर ते बनवायचं थांबतं, आणि बीजही. सुया बंद केल्या तर ते पुन्हा सुरू होईल, किंवा होणारही नाही. (झालं नाही.) यकृत सुजलंय. रक्तदाब म्हाताऱ्याचा आहे. हृदयही वाढतंय, आणि ते दंड वाढण्यासारखं चांगलं नसतं.

एवढं ऐकून आमच्या पैलवानाने विचारलं, "पण सुई सोडली तर अंग उतरंल का हो?"

मी कपाळाला हात लावला.

बस हुमनाबादला थांबली तेव्हा तो म्हणाला, "अक्का, आईला तूच सांग."

"मी कशाला? पाहुणे तुला बघायला येणार आहेत."

घरी गेल्यावर तो दारातच उभा राहिला. "आई, त्या पावण्यांना येऊ नका म्हण."

"कामून रे?"

"खोट माझ्यात हाय."

"कुणी करणी केली रे तुला?" आईने सुनेकडे बघत विचारलं. अजूनही सुनेकडेच!

"सुया मीच घेतल्या," तो ओरडला. पहिल्यांदाच त्याचं ओरडणं योग्य जागी होतं.

भावजयीने हातातलं पीठ झटकलं. "मग पुढच्या गुरुवारी गाणगापूरला प्रदक्षिणा तुम्ही घाला," ती म्हणाली. "मी दूध पीत बसते."

आणि गेला, ओल्या धोतराने. चार-पाच फेऱ्यांतच धापा टाकत पायरीवर बसला. तिने आपलं दूध आधी संपवलं, मग त्याला पाणी नेऊन दिलं.