दुपारच्या कामाचा ठराव

दवंडी देऊन झाली की आमचा कोतवालभाऊ जवळच्या माणसाला थांबवायचा. “आता तुमी सांगा, म्या काय सांगतलं?” बरोबर सांगितल्याशिवाय सोडायचा नाही. माझ्या नवऱ्याला तर त्याने एकदा पहाटे, लोटा हातात असताना उभं केलं होतं. तुमच्याही गावात असा एखादा असेलच.

दोन उन्हाळ्यांमागे तो दारात आला तेव्हा मात्र हसत नव्हता. सरकार उन्हापासून बचावाचा जिल्ह्याचा आराखडा करत होतं आणि गावाचं म्हणणं ग्रामसभेतून मागवलं होतं. ग्रामसेवक त्याला म्हणाले होते, नोटीस डकवली, बस झालं, दवंडी नको. सभा भरायची ती बाया शेतात असताना.

“मावशी, सूनबाईले घेऊन या,” एवढंच तो बोलला आणि पुढच्या दाराकडे वळला.

माझी सून आदल्या मे महिन्यात धसकटं वेचताना भरदुपारी कोसळली होती. महिनाभर अंथरुणात होती. बारा ते चार शेतातलं काम बंद राहावं, आम्हा बायांचं मागणं तेवढंच.

सभेला सगळ्या गेलो. बघतो तर ठराव आधीच लिहून तयार. झाडं लावा, सौर दिवे लावा. दुपारच्या कामाचं नावही नाही, आणि सह्यांचं रजिस्टर आमच्यापुढे सरकवलेलं.

सून उठली. सगळं बोलली. ग्रामसेवक म्हणाले, नोंद घेतो, आणि पेनाला टोपण लावलं.

कोतवालभाऊ त्यांच्या खुर्चीजवळ गेला. “साहेब, आता तुमी सांगा, ते पोरगी काय बोलली?”

साहेबांनी पेन खिशात टाकलं.

“तू नोकरी करून राह्यला का पुढारपण?”

“नोकरीच साहेब. इसरून जासान म्हून म्हणतो.”

सून पुन्हा पहिल्यापासून बोलली. या वेळी साहेबांनी लिहिलं, भाऊने ते मोठ्याने वाचलं, मगच आम्ही सह्या केल्या.

पंधरा दिवसांत त्याला गावातून हलवलं. नेरच्या तहसिलीत, टपाल वाहायला. आमच्यापायी गेला म्हणून जीव चुटपुटत होता, तर मी भेटायला गेले. तो म्हणाला, “आपला ठराव इथंच पडून होता, मावशी. कोणी यवतमाळले, जिल्ह्याच्या कचेरीत नेलाच नाही.”

त्याला शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, यवतमाळच्या गाडीत. टळटळीत एक वाजला होता. ऊन थेट त्याच्या तोंडावर येत होतं. टपालाची पिशवी मांडीवर होती, आणि घाम पुसायलाही त्याने तिच्यावरचा हात काढला नाही.