आबांचा पहिला घड

आबा रडत होते! केळीच्या बागेत, खाली पडलेल्या घडाशेजारी बसून, पागोटं मांडीवर घेऊन. माझ्या कडेवर बाळ, हातात भाकरीचं फडकं. ते फडकं कुठं पडलं, मला आजही सांगता येणार नाही. मी गावाकडे ओरडत सुटले, "आबा गेले, आबा गेले!" मागून आबा म्हणताहेत, "कुठी गेलो वं? इथंच बसलो आहे ना!" पण ऐकतंय कोण!

आबा म्हणजे माझे सासरे. हा रडणारा माणूसच नव्हता. केळीची कटाई लागली की पहिला घड घरच्या कर्त्यानं खांद्यावरून गाडीपर्यंत न्यायचा, ही आमच्या घरची रीत. आबा तो फुलासारखा उचलायचे आणि मजुरांना म्हणायचे, "माह्या खांद्याले म्हातारपणाचा पत्ता अजून सापडला नाही." त्या दिवशी तोच घड खांद्यावरून निसटला होता.

तसे वर्षभर ते बदललेच होते. दुपारी डुलक्या, रात्री टक्क जागे. दंड सैल पडलेले. सासूबाई गेल्या तेव्हा डोळ्यांतून टिपूस न काढलेला माणूस, बाळाला दात आला तर उपरण्यानं डोळे पुसायला लागला. मी म्हटलं, करणी केली कोणीतरी. चौथी शिकलेल्या डोक्यात याहून दुसरं काय येणार?

आमचे मालक केळीच्या वॅगनसोबत दिल्लीला गेलेले. मी शेजारच्या भाऊंना पळवलं, धुळ्याच्या नणंदेला, अक्कांना, तार करा म्हणून. तार आली म्हणजे माणूस गेला, असंच आमच्याकडे धरतात, हे घाबरल्यावर कुठं सुचतं! दुसऱ्या दिवशी अक्का गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढत आल्या, "माह्या आबा वं! मले सोडून कुठी गेले वं!" आबा ओट्यावर दाढी करत बसलेले. तोंडाला फेस तसाच. म्हणाले, "रडणं चांगलं जमलं तुले. पण जरा हळू, बाळ झोपलं आहे."

अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी थेट चुलीमागे.

मग आम्ही तिघं एसटीनं जळगावला डॉक्टरांकडे. त्यांनी छाती तपासली, रक्त तपासलं. म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. पुरुषाच्या अंगातही एक रस तयार होतो, त्यावर ताकद, उमेद बरीच अवलंबून असते. बायकांचा थोड्या वर्षांत आटतो, पुरुषांचा वयाबरोबर हळूहळू कमी होतो. कोणाचा जास्त, कोणाचा कमी. त्यात तुमची बायको गेली, झोप गेली."

आबांचा चेहरा पडला. "म्हणजे मी बाई झालो का डॉक्टर?"

"नाही आबा. साठीचे झालात."

वाटेत बाजारात ताकदीचं भस्म विकणारा ओरडत होता. आबा थबकले. मी म्हटलं, "आबा, चला." माझं मेलं धाडस बघा! आणि ते चक्क आले.

पुढच्या कटाईला मजूर बघत उभे. आबांनी घडाला हात घातला, थांबले, मग मला म्हणाले, "पोरी, एक बाजू तू धर." सुनेनं घड धरायचा? मी लाजून अर्धमेली. माझाच पाय अडखळला आणि आबा ओरडले, "सांभाळ वं! तुह्याही अंगातला रस आटला का?" मजूर हसले, सगळ्यांत मोठ्यानं आबा.

यंदाच्या थंडीत आबा झोपेतच गेले. मी पुन्हा तार करायला लावली. अक्का आल्या त्या मुकाट, पाय उचलत, नजर ओट्यावर, ओठांत हसू दाबून. या खेपेला फसायचं नाही, असं ठरवून आलेल्या. आणि दारात मी उभी, बाळाला घट्ट धरून. या खेपेला आबा खरंच गेलेत, हे मलाच सांगायचं होतं. सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?