एकाच म्हाताऱ्याचे दोन सिनेमे

माझा वेंधळेपणा मी आपणहून सांगतेय, यावरूनच समजा की तो लपवण्यासारखा राहिलेला नाही. आमच्या जुईनगरच्या सोसायटीत प्रत्येकाकडे त्याची वेगळी गोष्ट आहे. कुणी म्हणतं मला भर थिएटरात चक्कर आली, कुणी म्हणतं मी घर सोडून निघाले होते. तेव्हा खरं काय झालं ते माझ्याच तोंडून ऐका. चहा निवत नाही तोवर होईल सांगून.

तर मला सिनेमाचं वेड आहे. जुन्या नाही हं, नव्या सिनेमाचं! 'आमच्या वेळचे सिनेमे' म्हणून उसासे टाकणाऱ्यांतली मी नव्हे. नवा मराठी सिनेमा लागला की शुक्रवारी बाराच्या खेळाला मी वाशीच्या मॉलमध्ये हजर. मराठी सिनेमाला खेळ मिळतो तोही अशा वेळी, की नोकरी करणाऱ्याने रजा घ्यावी आणि घरच्या बाईने आदल्या दिवशीच भाजी चिरून ठेवावी. मी ठेवते.

ट्रेलर मात्र मी बघत नाही. त्या दोन मिनिटांत हल्ली लग्न, बाळंतपण आणि मरण सगळं दाखवून टाकतात. मग आत जाऊन काय एसी खायचा? त्यामुळे मी कोरी जाते. ही माझी शिस्त. पुढचं सगळं या शिस्तीनेच केलं, हे लक्षात ठेवा.

हे वेड माझ्या एकटीचं नाही. माझी मोठी बहीण, ताई, नाशिकला असते. आम्ही दोघी जासईच्या. गावात जत्रेला मैदानात पांढरा पडदा लावून सिनेमा दाखवायचे. पुढून जागा मिळायची नाही, म्हणून ताई मला घेऊन पडद्याच्या मागे बसायची. मागून सगळं उलटं दिसतं. आमच्या लहानपणीचे सगळे हीरो डावखुरे होते. तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी किती सिनेमे उलटे पाहिले असतील, मोजदाद नाही.

लग्नं झाली, ती नाशिकला गेली, मी इकडे. मग आम्ही एक युक्ती काढली. शुक्रवारी ती नाशिकला आणि मी वाशीला एकच सिनेमा, एकाच वेळी बघायचा आणि मध्यंतरात फोनवर बोलायचं. गोष्टीबद्दल मात्र एक अक्षर नाही. कारण एकदा तिच्या थिएटरात जाहिराती कमी होत्या, ती दहा मिनिटं पुढे होती, आणि तिने मला खुनी सांगून टाकला. तेव्हापासून फक्त एवढंच विचारायचं, "किती रुमाल?" एक रुमाल म्हणजे डोळे ओलावले. दोन म्हणजे नाकही. तीन रुमालांचा सिनेमा वर्षातून एखादा.

आता तुम्ही म्हणाल, नाशिक काय परदेशात आहे? चार-पाच तासांचा रस्ता. खरंय. पण आई गेल्यापासून ताई माझ्या घरी आली नव्हती. दोन वर्षं झाली. आईने शेवटचं आजारपण माझ्याकडे काढलं. त्या वेळी ताईची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे ताईला निघता आलं नाही, ती आली ती थेट शेवटचं बघायला. मी तिला काही बोलले नाही. तीही काही बोलली नाही. आम्ही आपल्या दर शुक्रवारी रुमाल मोजत राहिलो. पण खरं सांगू? सिनेमा सुरू झाला की माझा हात आपोआप शेजारच्या खुर्चीच्या हातावर जायचा, आणि तिथे कुणातरी अनोळखी माणसाचं कोपर असायचं. फार आठवण यायची तिची.

त्या शुक्रवारचा सिनेमा ताईने निवडला होता. एक मुरलेले नट आहेत, सगळ्या सिनेमांत आजोबा, बाबा किंवा गावचे मास्तर असतात. ताई म्हणाली, या वेळी म्हाताऱ्याचा सिनेमा बघू. आमच्या ह्यांनी मोबाईलवरून तिकीट काढून दिलं. स्क्रीन तीन, ई रांग, सात नंबर.

मॉलमध्ये बाहेरचं खायला नेऊ देत नाहीत. आणि तिथल्या लाह्या आपल्याला परवडण्यासारख्या असल्या तरी पटण्यासारख्या नाहीत. म्हणून मी चष्म्याच्या डबीत शेंगदाण्याची चिक्की नेते. दारावरच्या मुलीने पर्स उघडायला लावली, डबी हातात घेतली आणि हलवली. डबी वाजली. चष्मा माझ्या नाकावर! मुलगी चांगली होती, हसली आणि सोडलं. पण मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मान खाली घालून जे सुटले, ते पहिलं उघडं दार दिसलं त्यात शिरले. आत अंधार. ई रांग सापडली, सात नंबर रिकामा होता. बसले. पडद्यावर तेच नट, म्हातारे. झालं, अजून काय हवं?

आता मला सांगा, एकच नट एकाच शुक्रवारी दोन सिनेमांत, दोन्हींत म्हातारा, आणि ते दोन्ही शेजारशेजारच्या पडद्यांवर, हे मला कसं कळणार?

माझ्या पडद्यावरच्या म्हाताऱ्याचा भाऊ भांडून घर सोडून गेलेला. हा रोज बाहेर पडताना किल्ली कुंडीखाली ठेवायचा, भाऊ आला तर त्याला दाराबाहेर थांबायला लागू नये म्हणून. बस, एवढंच. पण त्या नटाने किल्ली अशी ठेवली, अशी कुंडी सरकवली, की मी पहिल्या वीस मिनिटांत दोन रुमाल संपवले. तिसरा आणलाच नव्हता, पदर घेतला.

मध्यंतरात फोन लावला. पलीकडून आधी फक्त हसण्याचा आवाज. ताईला बोलताच येत नव्हतं.

"कुंदे, पोट दुखाया लागला गो," ती म्हणाली. आम्ही दोघी बोलायला लागलो की फ्लॅटमधली मराठी बाजूला राहते, जासई वर येते. "काय त्यो म्हातारा!"

मला वाटलं नेटवर्कमध्ये काही गडबड आहे. मी नाक ओढत म्हटलं, "तुना हसू येतंय?"

"मंग? त्याची ती अवस्था बघून कोन नाय हसनार?"

त्याची अवस्था! बिचारा उंबऱ्यावर बसून वाट बघतोय आणि हिला हसू फुटतंय. मला काय माहीत, हिचा म्हातारा कवळी हरवून आख्ख्या लग्नघरात शोधत फिरतोय? नियमामुळे मी गोष्ट बोलले नाही, तीही बोलली नाही. नियम आम्ही दोघींनी शेवटपर्यंत पाळला. बाकी सगळं मोडलं.

मी म्हटलं, माणूस एकटा पडलाय, त्याच्यावर हसतात का? ती म्हणाली, अगो, हसण्यासाठीच तर ठेवलाय त्याला. मी म्हटलं, मी इथे रडून अर्धी झालेय.  तशी ती हळूच म्हणाली, "या सिनेमाला रडतंस? कुंदे, बरी हायस ना?"

तिचा तो काळजीचा सूर मला त्या क्षणी दिखाऊ वाटला. आणि दोन वर्षं दाबून ठेवलेलं माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुना रडू येत नाय, ते मना आयच्या वेळीच समजला."

 पलीकडून फोन कट झाला.

उरलेला अर्धा सिनेमा मी म्हाताऱ्यासाठी रडले की माझ्यासाठी, ते विचारू नका. शेवटी पडद्यावर नावं आली. पहिलं सिनेमाचंच नाव, बघते तर सिनेमा भलताच! बाहेर आले, तर शेजारच्या तीन नंबरमधून माणसं पोट धरून, एकमेकांना टाळ्या देत बाहेर पडत होती. मी तिकीट बघितलं. दार बघितलं. परत तिकीट बघितलं.

ताईला सात वेळा फोन लावला. बंद.

घरी आले तर दार उघडंच. आमचे हे कंटेनर यार्डाच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून आलेले. शेजारच्या सावंत वहिनी मऊ भात घेऊन बसलेल्या. दोघं माझ्याकडे असं बघत होते की जणू मी कुठूनतरी परत आलेय. ताईने मध्यंतरातच ह्यांना फोन केला होता: कुंदाच्या मनाचं काहीतरी बिघडलंय, विनोदी सिनेमाला ती ढसाढसा रडतेय, भलतंसलतं बोलतेय, तिला एकटी सोडू नका.

मी खुलासा करायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात हे म्हणाले, "ताई निघाल्यात. अर्ध्या सिनेमातून परस्पर स्टँडवर गेल्या, एसटीत बसल्या. मोबाईलची बॅटरी संपत आलीय म्हणत होत्या."

मी तोंड मिटलं.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? चुकीच्या पडद्यावर गेले होते असं सांगितलं असतं, तर ताई हसली असती, दारातूनच उलट्या गाडीने परत गेली असती. दोन वर्षांनी ती येत होती. मी सोफ्यावर बसले आणि सावंत वहिनींच्या हातचा मऊ भात खाल्ला.

संध्याकाळी सातला ताई दारात. हातात पर्स आणि थिएटरच्या लाह्यांचा अर्धा डबा, नाशिकपासून तसाच धरून आणलेला. तिने मला जवळ घेतलं आणि तिच्या खांद्यावर मी खरोखरच रडले. त्यामुळे माझ्या आजाराची खात्रीच पटली.

पुढचे तीन दिवस काय सांगावेत! मला कुणी स्वयंपाकघरात जाऊ देईना. हे चहा करत होते, तोही आलं घालून. ताईने माझ्या डोक्याला तेल लावलं, वेणी घातली. मी मधूनमधून खिडकीबाहेर बघायचे, तेवढं पुरत होतं. एकदा चुकून टीव्हीवरच्या एका विनोदाला हसले, तर सावंत वहिनींनी ताईच्या कानात सांगितलं, हेही एक लक्षण असतं.

पण आतून मी खात होते स्वतःला. आईच्या खोलीच्या दारापर्यंत ताई जायची आणि परत फिरायची. मी बघत होते. मी बोलले होते ते शब्द दोघींच्या मध्ये बसलेले होते आणि कुणीच त्यांना उठ म्हणत नव्हतं.

मंगळवारी ती जाणार होती. सोमवारी म्हणाली, चल, तोच सिनेमा परत बघू, माझ्यासमोर बघ, कुठे रडू येतं ते मला कळू दे. नाही कशी म्हणणार?

या वेळी स्क्रीन तीन. ई सात आणि ई आठ. दार ताईनेच बघितलं. सिनेमा सुरू झाला, म्हाताऱ्याची कवळी हरवली, आणि मी अशी हसले, अशी हसले, की पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून बघितलं. माझा हात शेजारच्या खुर्चीवर गेला. तिथे ताईचं कोपर होतं. मी आजारी आहे हे पार विसरले.

मध्यंतर झालं. ताई लॉबीतल्या बाकावर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"हा सिनेमा तू पहिल्यांदा बघतंस," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. चिक्की, डबी, दार, किल्ली, कुंडी, मऊ भात. मला वाटलं चिडेल किंवा हसेल. तिने दोन्ही केलं नाही.

"आयच्या वेळचा बोललीस, ते कुठच्या सिनेमातला व्हता?"

मी म्हटलं, "ते माझाच व्हता, ताई. पन तसा नव्हता म्हनायचा. म्हनायचा व्हता की तवा तू हवी व्हतीस."

"मना पन यायचा व्हता," ती म्हणाली. "आनि मंग उशीर झाला, तर तुझ्या घरात पाय टाकाया भ्या वाटाया लागला. तिची खाट दिसंल म्हनून."

मी म्हटलं, खाट मी कधीच देऊन टाकली, तिथे आता ह्यांची सायकल आहे. आणि आम्ही दोघींनी तिथे, जाहिरातीतल्या त्या पुठ्ठ्याच्या हीरोच्या शेजारी बसून, दोघींकडचे मिळून तीन रुमाल वापरले.

घंटा झाली. डोळे पुसत, चिक्की चघळत आत गेलो, ई सात, ई आठ, बसलो. दोन मिनिटांत एक जोडपं लाह्या घेऊन समोर उभं. मुलगी म्हणाली, "काकू, या आमच्या सीट आहेत."

ताई म्हणजे थोरली बहीण. तिने पदर खोचला. आम्ही बारापासून इथेच बसलोय, तिकीट हाय आमच्याकडं, हीच रांग हाय, असं तिने जासईच्या मैदानात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. मागचे लोक श्शू श्शू करायला लागले. टॉर्चवाला आला. मी मदतीसाठी पडद्याकडे बघितलं, तर म्हातारा कुंडी सरकवत होता.

"ताई," मी म्हटलं, "ऊठ. दार चुकला."

दुसऱ्यांदा. तेच दार. आणि या वेळी पुढे मी होते.

ताईने पडद्याकडे बघितलं. म्हातारा किल्ली पुसत होता. "योच का त्यो?" तिने विचारलं. मी मान हलवली. ती जोडप्याची माफी मागून उठली, मला वाटलं बाहेर निघालीय, तर खालच्या रिकाम्या रांगेत जाऊन बसली आणि शेजारची खुर्ची माझ्यासाठी खाली पाडून धरली.

तेव्हा त्या विनोदी सिनेमात कवळी शेवटी सापडली की नाही, हे आम्हां दोघींनाही अजून माहीत नाही. आता तो मोबाईलवर आलाय म्हणतात. मी हात लावलेला नाही, आणि तुमच्यापैकी कुणी पाहिला असेल तर सांगू नका. ताई दिवाळीला येतेय, दोघी मिळून घरीच बघणार आहोत. घरी बघायचं तिनेच ठरवलंय. म्हणाली, तुझ्या घराला दार एकच आहे, तेवढं तरी तुला सापडेल.